स्लॅबखालचं जेवण

लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा मी माझ्या सासऱ्यांना पहिल्यांदा नीट जेवताना पाहिलं, आणि तेही परक्याच्या घरात, डोक्यावर ठोके पडत असताना. बोरीला कुणा मास्तरांचं नवं घर होतं. मास्तर बाहेर, मास्तरीणबाई बाहेर, सगळी गल्ली बाहेर. आत फक्त मामा, म्हणजे माझे सासरे. फरशी न झालेल्या जमिनीवर पोतं टाकून, कपाळाला विभूती लावून, समोर धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन निवांत बसलेले. आणि त्यांच्या भोवतीच्या, नव्या स्लॅबला टेकू दिलेल्या बल्ल्या मिस्त्री एकेक करून ठोकून काढत होता.

माझं माहेर गंगाखेडचं, वडील साखर कारखान्यात. आमच्याकडं नव्या सुनेला देवाच्या पाया पडायला नेतात. इथं मला स्लॅबच्या दर्शनाला आणलं होतं. मी नवऱ्याला, शिवकांतला, हळूच विचारलं, "हे काय चाललंय? पडलं म्हणजे?"

"म्हनूनच तर बसलेत," तो म्हणाला.

शेवटची बल्ली निघाली. वरून काही आलं नाही. मामांनी ताटातला शेवटचा घास खाल्ला, बोटं चाटली, चूळ भरली आणि बाहेर आले. मास्तरांनी नारळ फोडला. माझ्या अंगावर काटा आला होता आणि घरी पोचेपर्यंत तो गेला नाही.

हे सुरू केलं माझ्या आजेसासऱ्यांनी. देवगाव फाट्यावर त्यांची चुन्याची भट्टी होती. नाल्यातली चुनखडी वेचून आणायची, भाजायची, घाणीत मळायची आणि बैलगाडीनं गावोगाव पोचवायची. घरं तेव्हा माळवदाची. खाली सागाची तुळई, वर फळ्या, त्यावर माती. मग या भागात सिमेंट आलं. आजेसासऱ्यांनी परमिट काढलं, आणि एका पाटलानं त्यांच्याच मालाचा स्लॅब टाकला. तो बघायला माणसं गाड्या जुंपून आली. खालून बघावं तर लाकूड नाही, तुळई नाही, सपाट दगड हवेत टेकलेला. म्हाताऱ्या बाया विचारायच्या, वर धरलंय कुणी? बल्ल्या काढायच्या दिवशी पाटील आत जाईना आणि मिस्त्रीही शेवटच्या बल्लीला हात लावीना. तेव्हा आजेसासऱ्यांनी घरून जेवण मागवलं. लिंगायतांच्या रीतीनं गळ्यातलं इष्टलिंग काढून तळहातावर पूजा केली, मधोमध मांडी घातली आणि म्हणाले, "माल माझा हाय. मी जेवतो. तुमी तुमचं काम करा."

तेव्हापासून आमच्या मालाचा स्लॅब उघडायचा तर आमच्या घरचा माणूस खाली बसून जेवणार, ही रीत पडली. ताट संपल्याशिवाय उठायचं नाही. आजेसासरे गेले, मग मामा बसायला लागले. पंचक्रोशीत घर पुरं झालं का असं कुणी विचारत नाही. मामांचं नाव घेऊन "गुरुपादआप्पा जेवले का?" असं विचारतात. फाट्यावर आता आणखीही दुकानं झाली आहेत, चकाचक काचेची. पण त्यांच्यातलं कुणी स्लॅबखाली बसायला जात नाही.

बाई मात्र कधी बसली नव्हती. बाईनं धपाटे थापायचे. माझ्या सासूबाई, उमादेवी, ज्यांना मी आत्या म्हणते आणि बाकी सगळा मुलुख अक्का म्हणतो, त्या डबा बांधून द्यायच्या आणि मामा परत येईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. एरवी त्यांचं राज्य गोडाऊनवर. मामा गल्ल्यावर, शिवकांत ट्रॅक्टरवर आणि आत्या पोत्यांत. सिमेंटच्या थप्पीवरून हात फिरवला की कुठल्या पोत्याला ओल लागली ते त्यांना कळायचं. पावसाळ्यात माल थोडा तरी दमट होतोच. असं पोतं सापडलं की आत्या चुन्याच्या डबीत बोट बुडवून त्यावर एक उभी रेघ ओढायच्या. बोट लागलेलं पोतं गोठ्याच्या फरशीला जाईल, खड्ड्याला जाईल, पण स्लॅबला जाणार नाही. हमालांनाही हे पाठ होतं. मला आत्यांची भीती वाटायची हे खरंच आहे. आणि त्यांच्यासारखं व्हावं असंही वाटायचं.

यंदा दिवाळीच्या आधी रस्ता रुंद करणाऱ्यांनी आमच्या दुकानावर लाल रंगाची फुली मारली. दर्शनी भाग जाणार होता, आणि गोडाऊनही. आमची मागं जागा होती, तिथं पत्र्याचं शेड मारलं आणि माल हलवायला घेतला. गज, पत्रे, शहाबादी फरशी, दारांच्या चौकटी, पाण्याच्या टाक्या. काय काय निघालं त्या गोडाऊनमधून. तीन पिढ्यांचा पसारा उन्हात मांडल्यावर मामा खुर्ची टाकून त्याच्यासमोर नुसते बसून राहिले. सगळ्यात शेवटी सिमेंट. हमालांची घाई, पाडायला आलेल्या मशीनवाल्याची घाई, आणि आत्या नेमक्या त्या दिवशी तापानं पडलेल्या. तरी शाल गुंडाळून दारात उभ्या राहिल्या आणि ओरडत राहिल्या, "नीट ठिवा रे, नीट ठिवा."

त्याच आठवड्यात बन्सीधरचा स्लॅब होता.

बन्सीधर आमचं जुनं गिऱ्हाईक. फाट्यापासून आत गेलं की ओढ्याच्या पलीकडं त्याचं गाव. कापूस आणि तूर, थोडी ज्वारी. त्याच्या गोठ्याचे पत्रे आमचे, विहिरीचं कडं आमच्या मालाचं. आता दोन खोल्यांचं घर बांधत होता आणि त्यालाही कारण होतं. मुलगी राजेश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. जुनं माळवद पावसाळ्यात एका बाजूनं बसलं होतं आणि सगळं घर पत्र्याच्या खोपटात राहत होतं. बायको पार्वतीबाई दुकानात येऊन म्हणाली होती, "अक्का, पोरगी खोपटात बाळंत व्हायला नको. तेवढं डोक्यावर पक्कं करून द्या."

"दिलं," आत्या म्हणाल्या होत्या.

स्लॅबच्या दिवशी मी आणि शिवकांत दोघं गेलो होतो. मिक्सर धडधडत होता, बाया घमेली झेलत होत्या, बन्सीधर कमरेला टॉवेल बांधून रेती ओढत होता. चंद्रभान मिस्त्री वर उभा राहून शिव्या आणि सूचना एकाच सुरात देत होता. कापूस वेचायचा सोडून अर्धं गाव मदतीला आलेलं. दिवस मावळताना शेवटचं घमेलं वर गेलं. पार्वतीबाईनं सगळ्यांना गूळ वाटला. मला वाटलं, एका दिवसात माणसं आपल्या डोक्यावर आभाळ ओतून घेतात, केवढी ही हिंमत.

त्यानंतर बन्सीधर रोज स्लॅबवर आळी करून पाणी भरायला लागला, आणि आम्ही नव्या शेडात स्थिरावायला लागलो. रस्त्यावरून आता दुकान दिसत नव्हतं. गिऱ्हाईक चुकून पुढं जायचं आणि काचेच्या दुकानात शिरायचं. शिवकांतची चिडचिड व्हायची.

एक दिवस गोठ्याच्या फरशीसाठी कुणी स्वस्तातली पोती मागायला आलं. आत्या बोट लागलेली थप्पी शोधायला शेडात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी बघायला गेले. त्या एका कोपऱ्यात उभ्या होत्या. समोर दोनच पोती उरलेली, कोरी दिसणारी.

"महेश्वरी, ही पालथी कर," त्या म्हणाल्या.

मी पोतं उलटं केलं. खालच्या बाजूला चुन्याची उभी रेघ. दुसरं उलटं केलं. त्यावरही रेघ.

मला पटकन कळलं नाही. आत्यांना कळलं होतं. हमाल पोतं पाठीवर घेतो आणि टाकतो तेव्हा ते पालथं पडतं. जुन्या गोडाऊनमधली अख्खी थप्पी हलवताना पालथी झाली होती. रेघा सगळ्या खाली गेल्या आणि वरून माल नवा दिसायला लागला. त्या थप्पीची ही दोनच पोती मागं राहिली होती. बाकीची हमालांच्या घाईत, कुणी उलटून न बघता, ट्रॅक्टरमध्ये बसून बन्सीधरच्या स्लॅबात गेली होती, चांगल्या पोत्यांच्या सोबतीनं.

आत्या खाली बसल्या. "एकाच अंगाला बोट लावत व्हते मी," त्या म्हणाल्या. "इतकी वर्सं. एकाच अंगाला."

संध्याकाळी घरात कुणी जेवलं नाही. मामा म्हणाले, "माल दमट व्हता, मेलेला नव्हता. निम्मा तर नवाच हाय त्याच्यात. टिकंल."

"टिकंल म्हनायला तुमी पोत्यात हात घातला व्हता का?" आत्या म्हणाल्या.

शिवकांत म्हणाला, "आई, आत्ताच दुकान मागं गेलंय. आत्ता हे भाईर फुटलं तर कोन येईल आपल्याकडं? आजून थोडे दिस बल्ल्या ठिवायला सांगू. पानी जास्त मारायला सांगू. कशाला बोलायचं?"

आत्यांनी त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही, पण मला त्याच्या जागी असायला आवडलं नसतं. "ज्याच्या डोक्यावर ठिवलंय त्याला सांगायचं न्हाई, मग कुनाला सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतः बन्सीधरकडं गेल्या. मी सोबत होते. त्यांनी चहा घेतला नाही. अंगणात उभ्या राहून सगळं सांगितलं, एक शब्दही इकडचा तिकडं न करता. बन्सीधर ऐकत राहिला. मग त्यानं चंद्रभानला बोलावलं. चंद्रभान आला, त्यानं खाली मान घातली आणि म्हणाला, "काही पोत्यांत खडे लागले व्हते, अक्का. मी फावड्यानं फोडून घेतले. दुसऱ्या कुनाचा माल असता तर मिक्सर बंद केला असता. तुमच्या दुकानचा म्हनून काही बोललो न्हाई."

आमच्या नावावर माणसांनी डोळे मिटले होते.

ठरलं असं, की बल्ल्या नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवायच्या. मग काढायच्या दिवशी स्लॅबवर रेतीची पोती रचायची, भरपूर, घरावर कधी येणार नाही एवढा भार टाकायचा. आणि मगच बल्ल्या काढायच्या.

"आन् खाली मी बसनार," आत्या म्हणाल्या.

मामांना ते अजिबात मानवलं नाही. बाई बसत नाही, आजपर्यंत बसली नाही, लोक काय म्हणतील, माझे हातपाय काय गेलेत का, असं बरंच झालं. आत्यांनी पीठ मळता मळता सगळं ऐकून घेतलं. "तुमी दुकानासाठी बसता," त्या शेवटी म्हणाल्या. "ही चूक दुकानाची न्हाई. माझ्या हाताची हाय."

त्या दिवशी धपाटे मी थापले. माझ्या हाताला नीट जमत नव्हतं. डबा बांधताना आत्या शेजारी देवासमोर बसल्या होत्या, आणि मला एवढंच वाटत होतं की या डब्यातलं सगळं त्यांना खायला मिळू दे.

बन्सीधरच्या घरासमोर माणसांची ही गर्दी. बातमी पसरायला काय लागतं? बाई बसणार म्हणून बायाही आल्या होत्या, लेकरं काखेत घेऊन. वर रेतीची पोती रांगेनं रचलेली. कुणीतरी मागून म्हणालं, "माल खराब विकायचा आन् वर तमाशा करायचा." शिवकांतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

आत्या आत गेल्या. कोपऱ्याच्या बाजूला, बल्ल्यांत जागा होती तिथं, पोतं अंथरलं. पदर खोचून लिंगपूजा केली, शांतपणे, घरातल्यासारखी. मग डबा उघडून ताटात वाढून घेतलं. मी दाराच्या चौकटीपर्यंत गेले. मला कुणी अडवलं नाही आणि माझे पायही मागं येईनात. चंद्रभाननं मधल्या बल्ल्या आधी काढल्या, मग बाजूच्या. प्रत्येक बल्ली पडताना जमीन थरथरायची. आत्या जेवत होत्या. एक धपाटं संपलं, त्यांनी दुसरं घेतलं. चंद्रभानच्या हातात घाम एवढा, की घण निसटायला लागला. त्यानं हात धोतराला पुसले.

शेवटची बल्ली निघाली.

स्लॅब टिकला. एवढा भार वर असून जागचा हलला नाही. बाहेर माणसांनी हर हर महादेव केलं, बन्सीधर मामांच्या गळ्यात पडला, शिवकांत रडायला लागला. मी आत्यांकडंच बघत होते. त्यांच्या ताटात, दह्यावर, चिमूटभर राखाडी भुकटी पडली होती. आवाज झाला नव्हता, कुणाला दिसलंही नव्हतं. आत्यांनी वर बघितलं. कोपऱ्याकडच्या बाजूला त्यांची नजर बराच वेळ थांबली. मग त्यांनी तेच दही, भुकटीसकट, धपाट्याच्या तुकड्यानं पुसून खाल्लं. ताट संपल्याशिवाय उठायचं नसतं.

त्या बाहेर आल्या. बन्सीधर पाया पडायला वाकला तर त्याला मधेच धरलं.

"बन्सीधर, हा पाडावा लागंल," त्या म्हणाल्या.

गलका थांबला. बन्सीधर म्हणाला, "अक्का, टिकला की. सगळ्यांनी बगितलं."

"आज टिकला. मी एका जेवनाएवढा येळ बसले. तुमी जनमभर झोपनार हाव. तुझी पोरगी हितं बाळंत होनार हाय."

"आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या एकबी स्लॅब पाडला न्हाई," मामा पुटपुटले. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"ठाऊक हाय," आत्या म्हणाल्या. "उद्या सकाळी आपली मानसं येतील. आमी पाडू, आमी उचलू, आमी परत टाकून देऊ."

पार्वतीबाई मात्र भडकली. तिनं आत्यांना नको नको ते ऐकवलं. पोरीचे दिवस भरत आलेत, खोपटात रात्रीची थंडी मरणाची, आणि तुम्हाला आता इमान आठवायलंय काय, असं. आत्या तिच्यासमोर मान खाली घालून उभ्या राहिल्या. मला वाटलं, स्लॅबखाली बसणं याच्यापेक्षा सोपं असेल.

दुसऱ्या दिवसापासून आमचं घर मजुरीला लागलं. खरंच सांगते, मजुरीला. हमाल अर्धे आले नाहीत, त्यांना लाज वाटत होती. शिवकांत ब्रेकर धरायचा, मी आणि आत्या मलबा भरायचो. हातांना फोड आले, ते फुटले, त्यावर परत फोड आले. सिमेंटची धूळ केसांत, भुवयांत, भाकरीत. रस्त्यानं जाणारी माणसं ट्रॅक्टर थांबवून बघायची. एकजण म्हणाला, "आता नवं दुकान काढा अक्का, घरं पाडायचं." आत्यांनी घमेलं उचललं आणि चालू लागल्या.

आणि स्लॅब तुटेना. पहिल्या दिवशी ब्रेकर आपटून आपटून शिवकांतचे दंड भरून आले, पण तुकडे निघायचे ते मुठीएवढे, आवाज खणखणीत. गावातले म्हातारे पारावरून उठून येऊन बघायचे आणि मान हलवायचे. चांगला माल पाडायलेत, म्हणायचे, बाईला वेड लागलंय. चंद्रभान मला बाजूला घेऊन म्हणाला, "वैनी, हे पन्नास वर्सं हाललं नसतं." त्या संध्याकाळी ट्रॉलीत बसून परत येताना मलाही शंका आली. मी आत्यांकडं बघितलं. त्या ट्रॉलीच्या कडेला डोकं टेकून झोपल्या होत्या, तोंडावर राखाडी थर बसलेला.

कोपऱ्याची बाजू आम्ही शेवटी घेतली. शिवकांतनं ब्रेकर टेकवला आणि तो घसरून आतच गेला. त्यानं मशीन बंद केली. चंद्रभाननं छन्नी घेतली, ती नुसत्या हातानं आत शिरली. मग त्यानं छन्नी टाकली आणि बोटांनी ओरबाडलं. स्लॅब त्याच्या हातात आला. ओलं पीठ वाळल्यावर फुटतं तसा भुगा झाला, आणि मधले गज उघडे पडले. चांगला हातभर रुंद पट्टा, आणि लांबीला खाटेएवढा. बाकीच्या दगडासारख्या स्लॅबनं त्याला आतापर्यंत उचलून धरलं होतं.

बन्सीधर शिडीवरून वर आला. त्यानं मूठभर भुगा घेतला, दाबला, सोडला. परत घेतला. मग तिथंच पाय पसरून बसला. खाली अंगणात पार्वतीबाई उभी होती, तिला त्यानं हाक मारली नाही. त्यानं नुसता हात पुढं करून भुगा खाली सोडला. ती वर बघत राहिली. त्या भिंतीला लागून तिनं बाळंतिणीची खाट टाकायचं ठरवलेलं होतं.

मी आत्यांकडं बघितलं. मला वाटलं होतं त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल. त्या हादरल्या होत्या. ज्या जागेखाली बसून आपण जेवलो ती जागा त्या पहिल्यांदा वरून बघत होत्या. मी त्यांचा हात धरला तर तो थंडगार होता.

त्या दिवसानंतर कुणी ट्रॅक्टर थांबवून काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हमाल सगळे आले. पार्वतीबाईनं न विचारता आमच्या भाकऱ्या केल्या आणि आत्यांच्या हातावर हळद-तेल लावलं.

नवा स्लॅब पडला तेव्हा आत्यांनी प्रत्येक पोतं स्वतः फोडलं. प्रत्येकात कोपरापर्यंत हात घातला. ताजं सिमेंट हाताला गार लागतं, ते मला तेव्हा त्यांनी शिकवलं. ओल लागलेल्या पोत्याला आता त्या चारी अंगांनी बोट लावतात, आणि हमाल हसले तरी लावतात. मामा त्या दिवशी गल्ला सोडून आले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाण्याचा पाईप धरून उभे राहिले. इतका गर्विष्ठ माणूस, पण कुणी सांगेल ते काम करत होता.

दुकानाचं म्हणाल तर त्या महिन्यात धंदा बसला होता. शिवकांत रोज संध्याकाळी तेच बोलायचा. आत्या म्हणायच्या, "बल्ल्या निघू दे. खाली बसून जेवले की मग बोलू." त्यांना बाकी कशाचीच फिकर नव्हती. झोपेतसुद्धा त्या बल्ल्या मोजत असाव्यात असं वाटायचं. या खेपेला मामांनी बसायचं ठरलं होतं, पण आत्या म्हणाल्या, मीच बसणार, पहिलं जेवण मोडलंय माझं.

दिवस भरल्यावर आम्ही निघालो. धपाटे आत्यांनी स्वतः थापले होते, दही विरजलेलं, चटणी ताजी कुटलेली. मामा, शिवकांत, मी, सगळे. मामांनी फेटा बांधला होता. शेतात ज्वारी पोटऱ्यात आली होती.

बन्सीधरच्या अंगणात गर्दी नव्हती. एकही माणूस नव्हता. लिंबाच्या झाडाला बल्ल्या टेकवून ठेवलेल्या, नीट, एकीवर एक. सेंटरिंगच्या प्लेटा धुऊन रचलेल्या. दारासमोर सडा टाकलेला होता आणि चुलीचा धूर नव्या घराच्या खिडकीतून बाहेर येत होता.

आत्या दारात थांबल्या. पार्वतीबाई आतून आली आणि तिनं ओठावर बोट ठेवलं.

"बल्ल्या कवा काढल्या?" आत्यांनी विचारलं.

"परवा. चंद्रभानला बोलावून घेतलं."

"आमाला न सांगता? खाली कोन बसलं?"

"कुनी न्हाई. कशाला बसायचं?" पार्वतीबाई म्हणाली.

"रीत हाय आमची," आत्या म्हणाल्या. आवाजात राग होता आणि त्याच्या खाली घाबरल्यासारखंही काही होतं. "तिसरी पिढी हाय. तुमी आमाला न ईचारता..."

"तुमची रीत ज्याला भरोसा न्हाई त्याच्यासाठी, अक्का. आमाला काय दाखवायचं ऱ्हायलंय आता?"

असं म्हणून ती दारातून बाजूला झाली. आत, कोपऱ्याच्या त्याच भिंतीला लागून, खाट होती. खाटेवर राजेश्री झोपली होती. पोट एवढं वर आलेलं, एक हात त्याच्यावर, तोंड थोडं उघडं. खाटेखाली शेगडीत निखारे होते. वर कोरा, करडा, सपाट स्लॅब, आणि त्याला धरून ठेवणारं खाली काहीसुद्धा नव्हतं.

मामांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. शिवकांत बाहेरच थांबला. मला वाटलं होतं आत्या रागावतील, उंबऱ्यावरून परत फिरतील. त्या आत गेल्या. मधोमध नाही, खाटेच्या पायथ्याशी, भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. डबा मांडीवर तसाच बांधलेला. वर बघितलं, राजेश्रीकडं बघितलं, परत वर बघितलं. आणि रडायला लागल्या. माझ्या लग्नानंतर मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. स्लॅबखाली बसल्या तेव्हा नाही, लोक बोलले तेव्हाही नाही. आता पदर तोंडात धरून, आवाज न करता, खांदे हलेपर्यंत रडत होत्या. मीही त्यांच्याजवळ जाऊन बसले. एवढं मोठं आपल्याला कुणी काही दिलेलं नव्हतं, आणि ते देणारी माणसं चुलीपाशी भाकरी थापत होती.

खाट करकरली. राजेश्रीनं डोळे किलकिले केले.

"कोन आलंय गं, आई?"

"दुकानाच्या अक्का हायेत," पार्वतीबाई चुलीपासून म्हणाली. "झोप तू."

राजेश्रीनं गोधडी वर ओढली, कूस बदलली आणि परत झोपली.